जुनी गाडी आणि नवा मालक



आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून आपणांपैकी काहींना गंमत वाटली असेल. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली सुरू केली, आणि तेव्हापासून गावोगावच्या अशा व्यासपीठांवरून धर्म, राज्य, इतिहास, वाङ्मय यांचा ऊहापोह होत आला. तेथे आम्ही जुनी मोटारसायकल कशी घ्यावी हे सांगावयास उभे राहिलो आहो! पण या मांडवात येताना बाहेर उभ्या असलेल्या गाड्यांकडे आम्ही नजर टाकली. नंबरप्लेटवर सदतीस वाशीमचा, तीस अकोल्याचा, सत्तावीस अमरावतीचा, एकोणतीस यवतमाळचा. आपला कारंजा तालुकाच असा की, त्याला तीन जिल्ह्यांच्या शिवा लागतात. तेव्हा चारी जिल्ह्यांच्या गाड्या धनजमध्ये फिरणार हे ओघानेच आले. यांतल्या कितीतरी गाड्या पहिल्या मालकाच्या हातून निघून दुसऱ्या-तिसऱ्या हाती आलेल्या असणार. त्यांतल्या किती गाड्या कागदोपत्रीही आपल्या आहेत, हा आमचा आजचा प्रश्न.

एक काळ असा होता की, जुन्या गाडीचा भाव नव्या गाडीहून चढा असे. स्कूटरसाठी नाव नोंदवावे आणि वर्षानुवर्षे वाट पाहावी, अशी ती टंचाई होती. राजदूत, जावा, एन्फील्ड या गाड्या गावात एखाद्या मोठ्या बागाईतदाराकडे किंवा डॉक्टरांकडे दिसत. १९८५ साली हिरो होंडाची शंभर सीसीची गाडी आली, थोड्या पेट्रोलात पुष्कळ चालू लागली, आणि मोटारसायकल शेतकऱ्याच्या अंगणात आली. आता कारंज्यावरून जाणारी मूर्तिजापूर-यवतमाळ शकुंतला धावत नाही. एस. टी. वेळेवर येईलच असे नाही. मुलाला कॉलेजात, बाईला दवाखान्यात आणि शेतकऱ्याला बाजार समितीत न्यावयाचे ते गाडीनेच. नव्या गाडीचे पैसे सर्वांपाशी नसतात. म्हणून दिवाळीच्या सुमारास सोयाबीन विकले की, तरुण मंडळी शहरातल्या जुन्या गाड्यांच्या दुकानाची वाट धरतात. त्यात काही गैर नाही. उघड्या डोळ्यांनी जावे, एवढेच आमचे सांगणे.

आधी आमची स्वतःचीच गोष्ट सांगतो, आणि ती शहाणपणाची नाही. २०१९ साली आम्ही आमची जुनी शंभर सीसीची गाडी एका शहरातल्या व्यापाऱ्याला दिली. व्यापारी गोड बोलणारा. त्याने चहा पाजला, पैसे मोजून हाती दिले आणि कोऱ्या टीटी फॉर्मवर आमच्या सह्या घेतल्या. “बाकीचे आम्ही पाहतो, काका,” असे तो म्हणाला. आम्ही आरसी बुक देऊन मोकळे झालो. चौदा महिन्यांनी पोलीस दारात आले. ती गाडी चालवणाऱ्या कोणा तरुणाने रस्त्याने पायी जाणाऱ्या एका म्हाताऱ्या मजुराला उडवले होते. मजुराचा पाय मोडला होता, विमा संपला होता आणि गाडी सरकारी नोंदीत अजून आमच्याच नावावर होती. व्यापारी म्हणाला, “मी तर ती केव्हाच विकली.” घेणारा म्हणाला, “मला नावावर करून कोणी दिलीच नाही.” न्यायाधिकरणात तारखांना आम्हीच जात राहिलो, आणि शेवटी तडजोडीचे पैसेही आम्हीच भरले. प्रथम आम्हांस व्यापाऱ्याचा राग आला. पुढे त्या म्हाताऱ्याला कुबडीवर येताना पाहिले तेव्हा मात्र आमचीच आम्हांस लाज वाटली. त्याने कोणाकडे पाहावयाचे? तीन माणसे एकमेकांकडे बोट दाखवीत होती, आणि त्या तिघांत आम्हीही होतो.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. मोटार वाहन कायदा १९८८ चा. ज्याच्या नावे गाडीची नोंद, तो मालक, अशी त्याची व्याख्या आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात हेच सांगितले. त्या खटल्यातली मोटार हातोहात विकली जात गेली होती, नोंद मात्र पहिल्याच मालकाची राहिली होती. २००९ साली अपघात झाला आणि त्यात एक मूल गेले. नुकसानभरपाईची जबाबदारी नोंदलेल्या मालकावर आली. अपघातात सापडलेल्या माणसाने एका मालकाकडून दुसऱ्याकडे हेलपाटे घालावेत, हे कायद्याला मान्य नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. आम्हांस तो मनोमन पटला, कारण आमच्या डोळ्यांसमोर ती कुबडी होती.

म्हणून पहिला धडा विकणाऱ्याला आणि घेणाऱ्याला सारखाच लागू आहे. कागद आधी पाहा, मशीन मागाहून. याच कायद्याच्या कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवावयाचे असते. त्यासाठी नमुना २९ व ३० असतात, आणि त्यांनाच आपण टीटी फॉर्म म्हणतो. त्यावर तारीख, नाव, भाव हे सारे भरल्यावाचून सही करू नये आणि कोणाची तशी सही घेऊही नये. गाडी परराज्यातली असेल, तर तिथल्या कार्यालयाचा ना-हरकत दाखला लागतो. तो मागाहून आणून देतो असे कोणी म्हणाले, तर पैसेही मागाहूनच द्यावेत.

व्यापाऱ्यांसाठीही आता नियम झाले आहेत. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये नियमांत दुरुस्ती केली, आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला परिवहन कार्यालयाकडून अधिकारपत्र घ्यावे लागते. ते पाच वर्षे चालते. मालकाने अशा व्यापाऱ्याच्या ताब्यात गाडी दिली की, नमुना २९ सी प्रमाणे सरकारला तसे कळवावयाचे असते. ती नोंद झाली म्हणजे गाडी विकली जाईपर्यंत व्यापारीच मालक मानला जातो आणि तिच्याविषयीची जबाबदारीही त्याचीच होते. २०१९ साली ही सोय असती, तर आमचा तो खेद टळला असता. म्हणून दुकानात गेल्यावर गाडीला हात लावण्याआधी नम्रपणे विचारावे, “भाऊ, तुमचे अधिकारपत्र दाखवता का?” खरा व्यापारी ते भिंतीवरच लावून ठेवील. जो चिडेल, त्याच्याशी पुढे बोलण्याचे कारण नाही.

मग आरसी बुक घ्यावे. त्यावरचा चेसिस नंबर आणि इंजिन नंबर गाडीवर कोरलेल्या नंबरांशी अक्षर न् अक्षर ताडून पाहावे. नंबराच्या जागी घासल्याची खूण किंवा ताजा रंग दिसला, तर तेथूनच परतावे. चोरीचा माल अजाणतेपणी घेतला तरी तो आपला होत नाही. विकणाऱ्यापाशी जी मालकी नाही ती तो देणार कोठून? १९३० चा मालविक्रीचा कायदा हेच सांगतो. गाडीवर बँकेचा किंवा फायनान्सचा बोजा आहे काय, हे आरसीवर दिसते आणि परिवहन खात्याच्या वाहन प्रणालीवर मोबाईलवरूनही दिसते. बोजा असेल, तर कर्ज देणाऱ्याच्या लेखी संमतीवाचून गाडी आपल्या नावावर होत नाही. कर्ज फिटल्याचे पत्र आणि नमुना ३५ हाती आल्यावरच पुढे जावे. थकलेली ई-चलने त्याच वेळी पाहून घ्यावीत. पहिल्या मालकाने सिग्नल तोडावा आणि दंड आपण भरावा, हा कोठला न्याय? आणखी एक गोष्ट. नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. तेरा वर्षांची गाडी स्वस्त पडली, तरी दोन वर्षांनी येणारा हा खर्च भावात धरावा.

आता यंत्राकडे वळू. शक्य तर ओळखीचा मिस्तरी बरोबर न्यावा. त्याची मजुरी ही या सौद्यातली सर्वांत स्वस्त बाब असते. सकाळी जावे, आणि किक मारण्यापूर्वी इंजिनजवळ तळहात नेऊन पाहावा. इंजिन आधीच कोमट असेल, तर आपण येण्यापूर्वी कोणीतरी गाडी चालू करून ठेवली आहे असे समजावे. गार गाडी किती किकांत सुरू होते ते पाहावे. सायलेन्सरमधून निळसर धूर सतत येत असेल, तर इंजिन ऑईल जाळते आहे. म्हणजे रिंग-पिस्टनचा खर्च दाराशी आला. काळा धूर पेट्रोल जास्त जात असल्याची खूण आहे, आणि ते काम बहुधा थोडक्यात निघते.

मीटरवरच्या आकड्यावर विसंबू नये, तो फिरवता येतो. ब्रेकचे पायडल, पावदानाचे रबर, हँडलची मूठ आणि सीट ही खरी साक्ष देतात. मीटर पंधरा हजार सांगतो आणि पायडल झिजून गुळगुळीत झाले आहे, तर पायडलावर विश्वास ठेवावा. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ‘२३२१’ म्हणजे २०२१ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. चेनच्या चाकाचे दाते शार्कच्या दातासारखे वाकडे झाले असतील, तर चेनसेट बदलावा लागणार. गाडी सरळ उभी करून समोरून पाहावी. दोन्ही चाके एका रेषेत नसतील किंवा शॉकअपच्या नळ्यांवर ऑईल झिरपत असेल, तर ती कोठेतरी आपटलेली असणे संभवते. पुढचा ब्रेक दाबून गाडी मागेपुढे हलवली आणि हँडलाशी ‘कट्’ असा आवाज आला, तर कोनसेट गेला आहे. शेवटी दोन कोस चालवून पाहिल्याशिवाय सौदा करू नये. चढावर इंजिन ओरडते पण गाडी ओढत नाही, तर क्लच प्लेटा गेल्या.

आता पैशाचे. इसार द्यावयाचा तर थोडा द्यावा आणि त्याची पावती घ्यावी. पावतीवर गाडीचा नंबर, चेसिस नंबर, ठरलेला भाव आणि नाव किती दिवसांत होणार हे लिहून घ्यावे. व्यापारी तोंडी जी जी आश्वासने देतो ती तेवढ्याच ओळींत कागदावर यावीत. ‘तीन महिन्यांत इंजिनचे काम निघाले तर मी पाहीन’ हे वाक्य हवेत विरते, कागदावर टिकते. शिवाय मालविक्रीच्या कायद्यात एक मेख आहे. आपण माल तपासून घेतला असेल, तर तपासणीत दिसून यावयास हवा होता अशा दोषाबद्दल मागाहून तक्रार करणे अवघड जाते. म्हणून तपासावयाचे तर नीटच तपासावे. भावाचा काही भाग गाडी नावावर होईपर्यंत रोखून ठेवता आला, तर फारच उत्तम.

विम्याचाही एक शब्द. तिऱ्हाइताच्या नुकसानीचा विमा सक्तीचा आहे. विमा नसल्यास दंड व कैद या दोन्हींची तरतूद आहे. पण दंडाच्या भीतीने तो काढावा असे आम्ही म्हणत नाही. रस्त्याने पायी जाणाऱ्या त्या म्हाताऱ्यासाठी काढावा. गाडी घेतल्यावर चौदा दिवसांत विमाही आपल्या नावे करून घेण्याचा अर्ज करावा. तसे न केल्यास स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे पैसे मागावयास गेलेला मनुष्य रिकाम्या हाताने परत येतो.

इतकी काळजी घेऊनही फसवणूक झालीच, तर गप्प बसू नये. ग्राहकांची एक चळवळ आपल्याच महाराष्ट्रात, पुण्यात, बिंदुमाधव जोशींनी १९७४ साली सुरू केली. आज २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे आणि जिल्ह्याच्या ठिकाणी ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची. १९१५ या क्रमांकावर फोन करूनही सल्ला मिळतो. पण तेथे पावतीच बोलते, आपले अश्रू नव्हेत.

समारोपाला एक दूरची गोष्ट सांगतो. जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावरच एक निबंध लिहिला, आणि पुढे २००१ साली त्याला नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे. विकणाऱ्याला गाडीचे खोड ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा सर्वच गाड्यांना मध्यम भाव देतो. त्या भावात चांगल्या गाडीचा मालक विकावयास येत नाही, आणि बाजारात वाईट गाड्याच उरत जातात. याचा अर्थ असा की, खोटे बोलणाऱ्या व्यापाऱ्याने फक्त गिऱ्हाईक बुडत नाही, शेजारचा प्रामाणिक व्यापारीही बुडतो. तेव्हा आपण जे कागद मागतो, ते कोणाचा अपमान करण्यासाठी मागत नाही. सचोटीने धंदा करणाऱ्याला त्याच्या सचोटीचा भाव मिळावा, एवढाच त्याचा अर्थ आहे.

आणि आपण विकणारे असू तेव्हा? तेव्हा गाडीला काय झाले आहे ते सांगावे, भाव थोडा कमी घ्यावा, आणि नाव बदलले की नाही हे स्वतः पाहून मग झोपावे. आम्ही ते पाहिले नाही, म्हणून आज आपणांपुढे उभे राहून सांगत आहो.