आधीं सामान, मग खोली



बिऱ्हाड लहान करावयाचें झाल्यास आपण आधीं खोलींतील सामान हलवितों आणि मग ती खोली सोडतों. क्रम उलटला तर सामानास मुकावें लागतें. संगणकांतील फाइलींची व्यवस्था लहान करतांनाहि हाच नियम आहे. वाढवितांना आधीं जागा द्यावी. आटवितांना आधीं माहिती हलवावी.

डिजिटल कंपनीच्या युनिक्सचें उदाहरण घेऊं. १९९८ मध्यें ही कंपनी कॉम्पॅकनें घेतली. पुढें त्या युनिक्सला 'ट्रू६४' हें नांव मिळालें. तींतील 'अ‍ॅडव्हएफएस' ही व्यवस्था अनेक डिस्क एका 'डोमेन'मध्यें गुंफते. 'आरएमव्हॉल' ही आज्ञा दिली म्हणजे नको असलेल्या डिस्कवरील फाइली इतर डिस्कवर जातात, व नंतरच ती डिस्क डोमेनांतून सुटते. काम चालूं असतांहि हें घडतें. मात्र उरलेल्या डिस्कवर तेवढी जागा मोकळी हवी. ती 'शोएफडीएमएन'नें आधीं पाहावी. आज्ञा पुरी होईपर्यंत तिला मध्येंच तोडूं नये, अथवा डिस्कला हात लावूं नये. यंत्रसमूहांत एकच डोमेन अनेक यंत्रें वापरतात; एकाची घाई सर्वांस भोंवते.

या सर्वांच्या आधीं प्रत घ्यावी, आणि ती दुसरीकडे उतरवून वाचतां येते कीं नाहीं, हें पाहावें. न तपासलेली प्रत ही नुसती आशा होय. निर्मात्याचा आधार २०१२ अखेर संपला. आज चूक झाल्यास त्याच्याकडे धांव घेतां येत नाहीं. डिस्क पुन्हां विकत मिळते. पुसला गेलेला जमाखर्च मिळत नाहीं.