माळ्यावरचा भार

दसरा सरून दिवाळी तोंडावर आली, की आपल्या अंजनगाव-सुर्जीच्या घराघरांतून भिंतींना चुना लागतो, पितळी भांडी चिंचेने उजळतात, आणि माळ्यावरचा सारा पसारा एक दिवस अंगणात उन्हाला येतो; परंतु सायंकाळ होताच मोडक्या खाटेपासून गंजलेल्या डब्यांपर्यंत एकेक जिन्नस झाडूनपुसून पुन्हा वर चढवला जातो, कारण ‘राहू द्या, कामी पडन’ हे घरातील वडीलधाऱ्यांचे उद्गार आपणांस आज्ञेसारखे असतात. ज्यांनी दुष्काळ पाहिले, त्यांच्या या संग्रहबुद्धीविषयी मला आदर आहे. तथापि जी वस्तू आपल्या घरी वर्षानुवर्षे पडून आहे आणि जिच्यावाचून दुसऱ्या घरचे काम अडले आहे, तिच्यावरील आपला हक्क कितपत उरतो, हा प्रश्न मला अस्वस्थ करतो.

याच तालुक्यातील शेणगाव येथे २३ फेब्रुवारी १८७६ रोजी जन्मलेल्या डेबूजी झिंगराजी जाणोरकर यांनी १९०५ साली घरदार सोडले. पुढे गाडगेबाबा म्हणून सर्वश्रुत झालेल्या या पुरुषाची जंगम मिळकत म्हणजे अंगावरील चिंध्या, हातातील काठी व खराटा, आणि डोक्यावर घालण्यास व भाकरी घेण्यास एकच पुरे पडणारे मातीचे गाडगे. परंतु त्यांच्याच खटपटीने नाशिक, आळंदी, देहू, पंढरपूर येथे यात्रेकरूंसाठी प्रशस्त धर्मशाळा उभ्या राहिल्या, आणि त्यांतील पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. जेवणाचे ताट मोडावे लागले तरी मोडा, भाकरी हातावर घेऊन खा, पण लेकराला शाळेत घाला, असे ते कीर्तनातून कळवळून सांगत. त्यागाचा असा रोकडा हिशेब मी अन्यत्र पाहिलेला नाही: ताट जाते, अक्षर येते.

आपल्यापैकी कोणास बाबांसारखे निष्कांचन व्हावयाचे नाही; परंतु फडताळात काळवंडलेल्या घंगाळांची व हंड्यांची मोड कासाराकडे देऊन मुलीच्या शिक्षणाची तजवीज करणे बहुतेकांस साध्य आहे. फाटक्या लुगड्यांची वाकळ शिवण्यात आपल्या वऱ्हाडातील बाया पारंगतच आहेत. धड कपडे, पलंग, गेल्या वर्षीची क्रमिक पुस्तके मात्र ज्यास द्यावयाची त्यास आधी विचारून, स्वच्छ करून, वापरण्याजोगी असतानाच द्यावी. विटलेले, उसवलेले दुसऱ्याच्या दारी नेऊन टाकण्यात त्याचा अपमान होतो.

एका गोष्टीबाबत मात्र विनवणी करतो. खरेदीखते, वाटणीपत्रे, सरकारी पावत्या यांचे दप्तर नीट लावून ठेवावे, हे सांगणे नलगे. परंतु जुन्या वाड्यांतून मोडी कागदांचे रुमाल सापडतात, ते वाचता येत नाहीत म्हणून रद्दीच्या तागडीत घालू नयेत. ३० डिसेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंदे आणि इंग्रज यांचा तह जेथे झाला, त्या आपल्या गावातील जमाखर्चाच्या फाटक्या कागदातही त्या काळच्या रयतेची हकीकत दडलेली असू शकते. असा रुमाल हाती लागल्यास तो उन्हात न टाकता सावलीत मोकळा करावा, मोडी जाणणाऱ्याकडून वाचवून घ्यावा, आणि घरी ठेवणे अशक्य असेल तर नागपूरच्या विदर्भ संशोधन मंडळासारख्या संस्थेकडे विचारणा करावी.