मिस्सेचा हेतू आणि आपले अर्पण

(महोत्सवानिमित्त धर्मग्रामातील मंडळींपुढे दिलेले व्याख्यान)



महोत्सव आला म्हणजे मंदिर केव्हा बांधले, शाळा केव्हा निघाली, बाप्तिस्मे किती झाले, ह्याची टिपणे निघतात. आणि ती निघावयासच हवीत. परंतु प्रत्येक धर्मग्रामात आणखी एक वही असते, जी कोणी प्रदर्शनात मांडीत नाही. ती मिस्सेच्या हेतूंची वही होय. 'मृत आईसाठी', 'आजारी मुलासाठी', 'पावसासाठी', 'उपकारस्तुतीसाठी' अशा दोन-तीन शब्दांच्या ओळी तीत असतात. ह्या धर्मग्रामाने कशासाठी अश्रू ढाळले व कशासाठी देवाचे आभार मानले, हे त्या वहीइतके दुसरे कोणतेही दफ्तर सांगणार नाही. आज त्याच वहीविषयी चार शब्द बोलावे, असा माझा मानस आहे.

"फादर, मिस्सेला किती पडतात?" हा प्रश्न आम्हां धर्मगुरूंना नित्य ऐकावा लागतो. विचारणाऱ्याच्या मनात पाप नसते. गुलमंडीत अगर शहागंजात ज्या भाषेत आपला दिवस जातो, तीच भाषा जिभेवर येते. परंतु ह्या भाषेमुळे दोन अनर्थ होतात. ज्याच्यापाशी पैसा आहे त्याला वाटते की आपण काही विकत घेतले. आणि ज्याच्यापाशी पैसा नाही तो आपल्या मृतांचे नाव मनातच ठेवून निमूटपणे मागील बाकावर बसतो. ह्यांतील दुसरा अनर्थ मला अधिक दुःखद वाटतो.

म्हणून प्रथम हे नीट ध्यानात घ्या की, मिस्सेला किंमत नाही. कॅल्व्हरीवर जे बलिदान झाले तेच वेदीवर अर्पण होते, आणि त्याचे मोल कोणत्या नाण्यात करावयाचे? प्रेषितांच्या कृत्यांत सिमोन नावाच्या जादूगाराने पवित्र आत्म्याचे दान पैशाने मागितले, तेव्हा संत पेत्राने त्याला कसे झिडकारले हे तुम्ही वाचलेच आहे. दिवंगत पोप फ्रान्सिस ह्यांनीही ७ मार्च २०१८ रोजी यात्रेकरूंपुढे बोलताना हेच बजावले की, मिस्सेचे पैसे भरावयाचे नसतात. तारण फुकटच मिळाले आहे. अर्पण करावयाचे असेल तर करावे, ते मोल म्हणून नव्हे.

तसेच हा नवसही नव्हे. 'तू मला हे दे, मी तुला ते देईन,' ही भाषा आपल्या मराठी मुलखाच्या अंगवळणी पडलेली आहे. परंतु मिस्सेत देवाशी करार होत नसतो. तेथे पुत्र स्वतःला पित्याच्या हाती देतो आणि त्याच्याबरोबर आपण आपले दुःख, आपले मृत, आपले आभार त्याच हातांत ठेवतो. ह्यालाच हेतू म्हणावयाचे.

मग अर्पण ते काय? मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथाच्या बाराव्या अध्यायात यहूदा मक्काबी लढाईत पडलेल्या आपल्या शिपायांसाठी माणशी वर्गणी गोळा करून सुमारे २,००० द्राखमा रुपे यरुशलेमेस पापार्पणासाठी धाडतो. ते शिपाई निर्दोष नव्हते. त्यांच्या अंगरख्यांखाली मूर्तींची चिन्हे सापडली होती. तरीही जिवंतांनी त्यांना टाकले नाही. आद्य ख्रिस्तसभेत भाविक घरून भाकर व द्राक्षारस आणीत. वेदीला लागेल तेवढे तेथे ठेवून उरलेले सेवकांच्या व गोरगरिबांच्या मुखी जाई. पुढे धान्याच्या जागी नाणे आले, परंतु अर्थ तोच राहिला. संत मोनिका इ. स. ३८७ मध्ये ओस्तिया येथे मरणोन्मुख असता तिने आपल्या देहाच्या जागेची फिकीर केली नाही. प्रभूच्या वेदीपाशी माझी आठवण ठेवा, एवढेच मागितले. अर्पण म्हणजे ह्या आठवणीत आपला स्वतःचा घास घालणे होय.

ख्रिस्तसभेने ह्या कामी धर्मगुरूंवर कडक बंधने घातली आहेत, आणि ती तुम्हांस ठाऊक असणे इष्ट आहे. १९८३ च्या धर्मसंहितेतील ९४५ ते ९५८ हे नियम ह्याविषयीच आहेत. व्यापाराचा नुसता भासही होता कामा नये. अर्पणाची रक्कम त्या त्या प्रांताचे बिशप ठरवितात. तीहून अधिक मागण्याचा कोणाही धर्मगुरूस अधिकार नाही, मात्र कमी असले तरी त्याने स्वीकारावे. एका वर्षात पुऱ्या करता येतील त्याहून अधिक मिस्सा स्वीकारू नयेत. एका दिवशी एकाहून अधिक मिस्सा अर्पण केल्या, तरी नाताळ वगळता एकाच मिस्सेचे अर्पण त्याने स्वतःकडे ठेवावे. बाकीचे बिशप सांगतील त्या कार्यी जाते. स्वीकारलेले पैसे त्याच्या दोषावाचून हरवले, तरी मिस्सेचे ऋण फिटत नाही. आणि आरंभी सांगितलेली ती वही दरवर्षी तपासली जाते.

अनेक नावे एकाच मिस्सेत का वाचतात, असेही काही जण विचारतात. त्याविषयी रोमहून १९९१ मध्ये आज्ञापत्र निघाले होते. एप्रिल २०२५ मध्ये नवे निघाले. प्रांताच्या बिशपांनी मुभा दिली असेल, आणि देणाऱ्यांना आधी स्पष्ट सांगून त्यांची खुशीने संमती घेतली असेल, तरच अनेकांचे हेतू एका मिस्सेत एकत्र करता येतात. म्हणून विचारण्यास संकोच करू नका. तो तुमचा हक्क आहे.

आता आपल्या मुलखाकडे वळू. हा प्रदेश १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. येथील आमचे पूर्वसूरी, संत फ्रान्सिस दि सेल्स ह्यांच्या संस्थेचे मिशनरी, युरोपातून येऊन वैजापूर, गंगापूरकडील खेड्यांत राबले. नागपूर धर्मप्रांत १८८७ साली झाला, त्यातून १९५५ मध्ये अमरावती व अमरावतीतून १९७७ मध्ये आपला औरंगाबाद धर्मप्रांत निघाला. दूर देशीच्या अनोळखी भाविकांनी आपल्या मृतांसाठी दिलेली अर्पणे अशाच मिशन मुलखांतील गरीब धर्मगुरूंकडे पाठविण्याची रीत ख्रिस्तसभेत आहे. ज्यांनी दिले त्यांनी मिशनचे गाव पाहिले नाही. ज्यांनी मिस्सा केली त्यांनी मृताचे मुख पाहिले नाही. तरी वेदीवर दोघांची भेट झाली. संतांचा समागम म्हणून जो आपण श्रद्धाकथनात उच्चारतो, तो हाच.

सबब, ज्यांच्यापाशी काही नाही त्यांना मी मुद्दाम सांगतो. अर्पण न घेताही भाविकांच्या, विशेषतः गरिबांच्या, हेतूसाठी मिस्सा करावी, असे धर्मसंहिताच आम्हांस आग्रहाने सांगते. तुम्ही ऊसतोडणीस जाणारे असा, मोंढ्यात ओझी उचलणारे असा, तुमच्या बापाचे नाव त्या वहीत लिहिले जाईल; तेथे रकमेच्या रकान्यात काही नसले तरी वेदीवर काही उणे पडत नाही. शिवाय दर रविवारी व आज्ञेच्या सणाला एक मिस्सा आम्ही अर्पणावाचून केवळ तुम्हां सर्वांसाठी करण्यास बांधलेले आहोत. आणि शेजारच्या हिंदू अगर मुसलमान सोबत्यासाठी हेतू देता येईल का, अशी शंका असेल, तर जिवंत वा मृत, कोणासाठीही मिस्सा अर्पिता येते.

ज्यांना देणे शक्य आहे त्यांनीही एवढे करावे: पाकीट देऊन घरी बसू नये. ज्या दिवशी तुमच्या आईसाठी मिस्सा असेल त्या दिवशी या, पापनिवेदन करून या, ख्रिस्तप्रसाद घ्या. मंदिरातील पेटीत दोन दमड्या टाकणाऱ्या विधवेची प्रभूने स्तुती केली, ती तिने आपली सारी उपजीविका दिली म्हणून. आपले अर्पण आपल्या जागी उभे राहण्यासाठी नसून आपणांस वेदीपाशी नेण्यासाठी आहे.

पुढील महोत्सवाच्या वेळी आपल्यांतील पुष्कळांची नावे मृतांच्या रकान्यात असतील. तेव्हा कोणी तरी ती वाचावीत, आणि गरीब म्हणून त्यांतील एकही गळू नये, एवढेच मी ह्या शुभप्रसंगी प्रभूपाशी मागतो. आमेन.