ज्योत, बॅटन आणि सातबारा



नवरात्र तोंडावर आलं की गावोगावची पोरं तुळजापूरला जातात. भवानीच्या देवळात ज्योत पेटवायची आणि घटस्थापनेच्या आत पळत गावात आणायची. धाराशिव, येरमाळा, चौसाळा, मांजरसुंबा करत बीडपर्यंत शंभरावर किलोमीटर, तेही अनवाणी. एकटा कुणी एवढं पळत नाही. मागं टेम्पो असतो, तेलाचा डबा असतो. दमलेला वर चढतो, ताजा खाली उतरतो. देणारा मात्र थांबून ज्योत देत नाही. घेणारा आधी चार पावलं त्याच्या बरोबरीनं पळतो, मग हात बदलतो.

शाळेच्या मैदानावर याच खेळाला रिले म्हणतात. चार जण आणि फूटभर लांबीची एक पोकळ कांडी, म्हणजे बॅटन. वजन ५० ग्रॅमच्या आसपास. पण तिच्यापायी भलेभले आडवे झालेत. २००८ साली बीजिंग ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या पुरुषांच्या हातून ती पडली, बायकांच्याही हातून पडली. दोन्ही संघ पहिल्याच फेरीत घरी. उलट २०१६ साली रिओत जपानचे चौघे दुसरे आले. त्यांच्यातला एकही तोवर १०० मीटर दहा सेकंदांच्या आत पळालेला नव्हता! कांडी देण्या-घेण्याचा सराव मात्र त्यांनी घोटून घोटून केला होता. त्याच शर्यतीत तिसऱ्या आलेल्या अमेरिकेला बाद केलं, कारण त्यांनी कांडी पट्ट्याच्या आधीच दिली.

हा पट्टा काय, ते नीट समजून घ्या. कांडी आखून दिलेल्या जागेतच बदलायची. तेव्हा ती जागा २० मीटर होती, आता शंभराच्या रिलेत ३० मीटर आहे. आधी दिली तरी बाद, नंतर दिली तरी बाद. शंभरच्या शर्यतीत घेणारा मागं बघत नाही, नुसता हात मागं करतो. चारशेच्या शर्यतीत येणाऱ्याचा दम संपलेला असतो, म्हणून घेणारा वळून बघतो आणि त्याच्या हातातून कांडी काढून घेतो. आम्हाला ही दुसरी रीत आपल्या घरांच्या जवळची वाटते.

आपल्याकडं सातबारा बापाच्या नावावर. पेरणी पोरगा करतो, खुरपणी-वेचणी बाई करते. पण सोसायटीचं किती देणं आहे, पासबुक कुठं आहे, कापूस कुणाला घातला, किती बाकी यायची, उसने कुणाचे, हे सगळं एकाच डोक्यात. एक दिवस तो माणूस जातो. कधी दुखण्यानं, कधी कर्जाला कंटाळून स्वतःच्या हातानं. तेरावा व्हायच्या आत सावकार दारात येऊन आकडा सांगतो. त्या माउलीला हो म्हणता येत नाही, नाही म्हणता येत नाही. रिलेच्या नियमात पडलेली कांडी ज्याच्या हातून पडली त्यानंच उचलायची असते. इथं उचलणाराच राहिलेला नसतो.

कुणी म्हणेल, सगळं आधीच देऊन टाकलं तर म्हातारपणी पोरं विचारत नाहीत. खरं आहे, अशी घरं आम्हीही पाहिलीत. म्हणून तर पट्ट्याचं सांगितलं. जमीन आजच नावावर करा असं आमचं म्हणणं नाही. दोन हंगाम बरोबरीनं पळा. सोसायटीत जाताना पोराला आणि सुनेला संगं न्या. सही तुमची, पण बोलू द्या त्यांना. कापसाची पट्टी घरधनिणीच्या हातात द्या, वाचता येत नसेल तर वाचून दाखवा. आणि मायबहिणींनो, तो दमलेला दिसतोय तर वाट बघू नका. वळून बघा, विचारा.

ज्वारीची पेरणी उरकली की एका संध्याकाळी ट्रंक उघडा. सगळे कागद घोंगडीवर मांडा: आठ-अ, फेरफार, पासबुक, विम्याची पावती. सावकाराची चिठ्ठीसुद्धा.