खाली दडलेली ऊब



शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद या खारपाणपट्ट्यातल्या माणसाला पाण्यातल्या मिठाची ओळख करून द्यायला नको. त्याच मिठाची उत्तर ध्रुवाजवळची करामत आज सांगतो.

विहिरीत वरचं पाणी कोमट, तळाचं गार. आर्क्टिक समुद्रात मात्र गार पाणी वर आणि ऊबदार पाणी खाली! पाणी गोठायच्या बेताला आलं, की ते जड की हलकं हे तापमानापेक्षा मीठच जास्त ठरवतं. अटलांटिकमधून नॉर्वेच्या कडेने येणारं पाणी ऊबदार खरं, पण खारट, म्हणून जड. नद्यांचं आणि वितळलेल्या बर्फाचं गोडं पाणी हलकं. ते वर पसरतं आणि खालच्या उबेला बर्फापर्यंत पोचू देत नाही. हा गोडा थर विरला, की ऊब वर येते. बॅरेंट्स समुद्राकडे ते सुरूही झालं आहे.

ही ऊब पुढे कुठे जाईल? खऱ्या समुद्रावर प्रयोग करून पाहता येत नाही, म्हणून शास्त्रज्ञ संगणकात पृथ्वी मांडतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेनेही असं प्रारूप तयार केलं आहे. एका गणितात हवेतला कार्बन डायऑक्साइड आहे तेवढाच ठेवायचा, दुसऱ्यात दरसाल 1 टक्का चक्रवाढीने वाढवायचा. सुमारे 70 वर्षांत तो दुप्पट होतो. मग दोन्ही समुद्र ताडून पाहायचे. काही प्रयोगांत नव्या उष्णतेवर रंगासारखी खूण करतात. त्यातून नवी ऊब किती आली आणि प्रवाह बदलल्याने जुनीच किती सरकली, हे वेगळं काढता येतं. अंटार्क्टिकाभोवती तर समुद्र उष्णता पितो एकीकडे आणि साठवतो दुसरीकडे, कारण तिथले वारे वरचं पाणी उत्तरेला ढकलत राहतात.

भेंडवळच्या घटमांडणीचं भाकीत आपण भक्तिभावाने ऐकतो. संगणकाचं तसं ऐकू नये. कित्येक प्रारूपांत आर्क्टिकचा ऊबदार थर प्रत्यक्षापेक्षा जास्त खोल आणि जाड उतरतो. प्रारूपात समुद्राचे चौकोन पाडतात, ते कित्येक किलोमीटरचे, त्यामुळे लहान भोवऱ्यांनी होणारी घुसळण अंदाजानेच भरावी लागते.

अंदाज तपासायला मोजमाप हवं. गोव्याच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राने इतर संस्थांच्या साथीने जुलै 2014 मध्ये आर्क्टिकमधल्या स्वालबार्ड बेटांच्या कोंग्सफ्योर्ड या खाडीत, सुमारे 190 मीटर खोल पाण्यात, ‘इंडआर्क’ ही उपकरणांची माळ नांगरली. जहाजांना अवघड अशा हिवाळ्यातही ती पाण्याचं तापमान आणि खारटपणा टिपत राहते.