धर्मगुरू आणि विहिरीचें पाणी

वसईच्या वाडींतील विहीर म्हणजे केवळ पाणवठा नव्हे. केळी, पानवेली, फुलझाडें यांचा सारा संसार तिच्यावरच चालत आला. समुद्रकांठच्या भूगर्भांत गोडें पाणी हलकें म्हणून खाऱ्या पाण्यावर तरंगतें. उपशानें त्याची पातळी एक हात उतरली, तर खालचें खारें पाणी कालांतरानें सुमारें ४० हात वर चढूं शकतें, असा भूजलशास्त्राचा हिशेब आहे. गेल्या शतकाच्या अखेरीस मुंबईची वस्ती वसईकडे सरकली आणि नव्या इमारतींसाठीं टँकर या विहिरी उपसूं लागले. पाणी विकणाराच्या पदरीं पैसा पडे. शेजाऱ्याची विहीर मात्र मचूळ होई!

अशा वेळीं फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनीं हरित वसई संरक्षण समितीचें नेतृत्व केलें. धर्मगुरूनें विहिरींच्या भानगडींत कां पडावें, असें कोणी विचारील. रुग्णसेवा आणि विद्यादान हीं ख्रिस्ती सेवेचीं परिचित रूपें खरीं. परंतु तहानेल्याला पाणी देणें हेंही ख्रिस्तानेंच सांगितलेलें कर्तव्य आहे. झराच खारट होत असतां नुसता पेला पुढें करून तें पुरें होतें काय? पोप फ्रान्सिस यांचें सृष्टिरक्षणावरील परिपत्रक निघालें तें २०१५ सालीं. वसईची चळवळ त्याच्या कितीतरी आधींची.

२०२० सालीं उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचें अध्यक्षपद दिब्रिटो यांच्याकडे आलें. २५ जुलै २०२४ रोजीं ते निवर्तले, तेव्हां वसईंत पुष्कळ वाड्यांच्या जागीं इमारती उभ्या होत्या.