घडाला दाखला, विहिरीला का नाही?

(महापे येथील बैठकीत केलेल्या भाषणाचा संक्षेप)



इथल्याच औद्योगिक वसाहतीतल्या एका प्रयोगशाळेत मी माती-पाण्यातले बुरशीनाशकांचे अंश मोजते. बायकांच्या बैठकीत हा विषय कशाला, असे काहींना वाटेल. पण नाशिक-सांगलीकडच्या द्राक्षबागांत विरळणी कोण करते? घड संजीवकात कोण बुडवते? बहुतेक बायाच. आणि बागेलगतच्या विहिरीचे पाणीही त्याच भरतात.

२००३ साली आपल्या द्राक्षांत कीडनाशकांचे अंश सापडले आणि युरोपात माल अडला. मग यंत्रणा हलली. पुण्याच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात संदर्भ प्रयोगशाळा आली, युरोपला जाणारा माल तपासूनच पाठवण्याचा नियम झाला. चांगलेच झाले. पण विहिरीच्या पाण्याला असा दाखला कुणी मागत नाही.

मोजणी कशी होते ते सांगते. कार्बेन्डाझिम घ्या. माती सावलीत वाळवून, चाळून, द्रावकात घुसळायची. अंश द्रावकात उतरतो. पाणी अर्धा लिटर घेऊन बारीक नळीतल्या भुकटीतून गाळायचे, भुकटीने धरलेला अंश एक मिलिलिटर द्रावकात उतरवायचा. म्हणजे तो पाचशेपट दाट होतो. मग द्रव क्रोमॅटोग्राफी. विशिष्ट भुकटी ठासून भरलेल्या स्तंभातून पंप द्रावण दाबाने ढकलतो. त्यातला प्रत्येक पदार्थ भुकटीला कमी-जास्त चिकटतो, म्हणून वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतो. बाहेर पडताना तो अतिनील प्रकाश शोषतो आणि कागदावर शिखर उमटते. शिखराच्या वेळेवरून पदार्थ ओळखायचा, क्षेत्रफळावरून त्याचे प्रमाण.

युरोपात पिण्याच्या पाण्यात एका कीडनाशकाची मर्यादा लिटरला ०.१ मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे एक कोटी लिटर पाण्यात एक ग्रॅम! आपल्या २०१२ च्या पेयजल मानकातही कीडनाशकांची यादी आहे, पण तीत कार्बेन्डाझिम नाही. प्रजननाला घातक म्हणून युरोपीय संघाने वर्गीकृत केलेले आणि २०१४ पासून तिथे मान्यता नसलेले हे औषध.

म्हणून अहवाल हाती आला की दोन प्रश्न विचारा. पहिला, काय काय तपासले? मँकोझेबचे रेणू या पद्धतीने सरळ मोजता येत नाहीत. त्यापासून होणारा इथिलीन थायोयुरिया थायरॉइडला अपाय करतो, त्याची तपासणी वेगळी मागावी लागते. दुसरा, किती कमी प्रमाण पकडता येते? 'आढळले नाही' याचा अर्थ 'मुळीच नाही' असा नव्हे. यंत्राच्या पकडीखाली आहे, एवढाच.

ग्रामसभेत ठराव मांडा: फवारणीच्या हंगामात आणि पहिल्या पावसानंतर विहिरीचे पाणी तपासले जावे, अहवाल मराठीत, चावडीवर लागावा. परदेशात द्राक्षे खाणाऱ्याची काळजी घेणारे यंत्र आपल्याकडे आहे. ती पिकवणाऱ्या बाईचे पाणीही त्याच यंत्राखालून जायला हवे.